बाबांची खरी सही

माझ्या वडिलांची सही सगळ्यात चांगली कोण करतं, असं कुणी आमच्या घरी विचारलं असतं, तर एकमतानं माझं नाव निघालं असतं. वडिलांचा नंबर दुसरा लागला असता, आणि तोही आईच्या मते त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

यात चोरून केलेलं काही नव्हतं. बाबा बँकेत सह्या जुळवायच्या टेबलावर बसतात. लोक कागदावर सही करतात, बाबा ती नमुन्याच्या कार्डावरच्या सहीशी ताडून बघतात आणि जुळली नाही तर कागद शांतपणे परत सरकवतात. सत्तावीस वर्षं हेच. त्यामुळे संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना सहीचं नावही नको असतं. चौथीत मी प्रगतिपुस्तक पुढे केलं तेव्हा ते टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला निघाले होते. "तूच कर गं, बघून बघून," म्हणाले आणि कडी लावून घेतली. तिसऱ्या प्रयत्नात मला ती जमली. तेव्हापासून सहलीच्या परवानग्या, आजारपणाच्या चिठ्ठ्या, कुरियरच्या पावत्या, सगळ्यांवर वडील म्हणून मीच. पुढे शिष्यवृत्ती मिळून मी परदेशातल्या या वसतिगृहाच्या शाळेत आले, तेव्हा प्रवेशाच्या तेवीस कागदांवर वडिलांच्या तेवीस सह्या मीच ठोकल्या. बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते आणि प्रत्येक सहीला "हं, कर" म्हणत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात असा रीतसर परवानगी घेऊन पडलेला होता.

आता हिरव्या फॉर्मकडे येते, कारण सगळं रामायण त्या फॉर्मचं आहे.

आमच्या शाळेत वर्षातून एकदा तळ्याकाठी तीन दिवसांचं शिबिर असतं. तंबू चौघांचा, होडी चौघांची, स्वयंपाकाची पाळी चौघांची. तिघांचा गट चालत नाही. तिघे उरले की त्यांची वाटणी करून उरलेल्या गटांत कोंबतात. मी इथे आल्यावर पहिले तीन महिने जेवणाच्या हॉलमध्ये एकटी बसत होते आणि सात मिनिटांत ताट संपवून उठायला शिकले होते, म्हणजे एकटी बसलेली फार कुणाला दिसू नये. चौथ्या महिन्यात माझ्या खोलीतल्या मुलीनं, जिला मी मनात जिराफ म्हणते, आपल्या शेजारच्या खुर्चीवर स्वेटर टाकून माझी जागा धरली. त्याच टेबलावर दोघं आणखी होती. एक रेडिओ, जी झोपेतसुद्धा बोलते, आणि एक पेन्शनर, जो पंधरा वर्षांचा आहे पण मफलर गुंडाळून हवामानाची तक्रार करत असतो. चौघं चार देशांची, चौघांचे आईबाप चार दिशांना. त्या स्वेटरनंतर माझं जेवण चाळीस मिनिटांचं झालं. आम्ही चौघांचा गट म्हणून नाव दिलं, आणि हातात तो हिरवा फॉर्म आला. खाली ओळ होती: पालकाची सही, शाईने, मूळ कागदावर.

कुठल्याही सुज्ञ मुलीनं त्याच क्षणी पेन काढलं असतं. जिराफनं तर मला फॉर्मखाली धरायला वही दिली. पण नेमकं त्याच आठवड्यात एका मुलानं सुट्टीच्या चिठ्ठीवर आईची सही केली, आणि त्याच्या दुर्दैवानं आईनंच त्या दुपारी शाळेत फोन केला. मुख्याध्यापिकाबाई प्रामाणिकपणावर अर्धा तास बोलल्या. एरवी असल्या भाषणात माझा डोळा लागतो, त्या दिवशी लागला नाही. शिवाय या देशात रस्ता रिकामा असला तरी माणसं हिरवा दिवा लागेपर्यंत उभी राहतात. चार महिने निर्मनुष्य चौकात उभं राहून राहून माझ्याही अंगात सचोटी शिरली होती. मी जिराफला वही परत केली आणि जाहीर केलं की या वेळी वडिलांची सही वडीलच करतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी टपालाचा खर्च करून ओढवून घेतलं.

फॉर्म कुरियरनं घरी गेला. आईच्या सांगण्यावरून कळलं की त्या दिवशी आमच्याकडे जवळजवळ समारंभ झाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फॉर्मची घडी मोडायला तो उशीखाली ठेवायला सांगितला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंगसर साक्षीला आले, बोलावलं नसताना. बाबांनी शर्ट बदलला. मुलीच्या शाळेच्या कागदावर आपण आज पहिल्यांदाच सही करतोय, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं म्हणे, आणि ते थोडा वेळ नुसतेच पेन धरून बसले. मग त्यांनी सही केली, आईनं पाकिटात तीन जोड मोजे घातले, आणि अकराव्या दिवशी ते पाकीट माझ्या हातात पडलं. मी फॉर्म बाहेर काढला आणि ही सही कुणाची म्हणून वरचं नाव पुन्हा वाचलं.

त्याचं असं झालं होतं. मी चौथीत उतरवून घेतली ती बाबांची सही म्हणजे काही साधं काम नव्हतं. सात वळणं, मध्ये एक डौलदार पोट, दोन टिंबं आणि खाली रेघ. मी ती जशीच्या तशी जपली, उलट पोटाला थोडी गोलाईच आणली. बाबा मात्र दिवसाला शंभर कागदांवर करून करून ती वापरत होते. साबणाची वडी झिजावी तशी ती झिजली होती. हिरव्या फॉर्मवर हुकासारखा एक आकडा होता आणि एक रेघ. बँकेत त्यांना सगळे तोंडानं ओळखतात, त्यामुळे त्यांची सही जुळवायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

शाळेच्या कार्यालयात एक बाई आहेत. त्यांना मी फाइलबाई म्हणते. त्यांच्याकडे पारदर्शक पट्टी आहे आणि एक भिंग आहे, आणि दोन्ही त्या रुमालानं पुसून वापरतात. त्यांनी हिरवा फॉर्म डावीकडे ठेवला, माझी फाइल उजवीकडे उघडली, आणि एकेका सहीवरून भिंग फिरवलं. मग भिंग खाली ठेवलं.

"या फाइलमध्ये तुझ्या वडिलांच्या तेवीस सह्या आहेत," त्या म्हणाल्या. "तेवीसच्या तेवीस सारख्या. ही चोविसावी दुसऱ्याच कुणीतरी केली आहे, आणि फार घाईत केली आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण चोराला समोर उभं राहून कसं वाटतं हे पुस्तकात नव्हतं. मी म्हणाले की ही वडिलांचीच आहे, हवी तर शपथ घेते. त्या म्हणाल्या की शपथेसाठी वेगळा फॉर्म असतो आणि तो सज्ञान माणसाला मिळतो. शेवटी ठरलं ते असं: शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत, पडद्यावर वडिलांनी समोर बसून सही करायची. ती फाइलमधल्या सहीशी जुळली तर बोलू. शिबिराची यादी शुक्रवारी बाराला बंद होणार होती. त्या दिवशी मंगळवार होता.

वसतिगृहात बातमी माझ्याआधी पोचली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. रेडिओ म्हणाली की रड, रडणाऱ्याचा फॉर्म कुणी परत करत नाही. तिनं स्वतः रडून एकदा गणिताची परीक्षा पुढे ढकलली होती. मजल्यावरच्या एका मुलीनं सांगितलं की वडील बदलता येतात, तिचे दोन आहेत. पेन्शनरनं मफलर सारखा केला आणि एवढंच म्हणाला की मी नसले तर ती तिघंही जाणार नाहीत, वाटण्या होऊन जाण्यात त्यांना रस नाही. तो हे पाव तोडता तोडता म्हणाला, जणू उद्या थंडी आहे असं सांगतोय. आजवर माझ्यासाठी कुणी जागा धरली होती, पण कुणी जागा सोडलेली नव्हती. मी त्या रात्री ठरवलं की मी तळ्यावर जाणार, काय वाट्टेल ते झालं तरी.

बुधवारी सकाळी साडेसहाला मी कपडे धुण्याच्या खोलीतून घरी फोन लावला, कारण नीट रेंज फक्त तिसऱ्या मशीनच्या डोक्यावर येते. घरी तेव्हा दुपार कलत असते. बाबांची सुट्टी होती. मी सगळं सांगितलं.

"खोटी म्हणाली?" बाबांनी विचारलं.

सत्तावीस वर्षं लोकांच्या सह्या त्यांनी परत पाठवल्या, त्यांची कुणी पाठवली नव्हती. मग म्हणाले की आत्ताच्या आत्ता त्या बाईंना फोन जोडून दे, खरं काय ते सांगून टाकतो. एवढ्यात आईनं फोन ओढला. खरं सांगायचं म्हणजे तेवीस कागद खोटे ठरणार, आणि मग पोरीला पुढच्या विमानात बसवतील ती गोष्ट वेगळीच, असं ती म्हणाली. बसवतात की नाही कुणालाच ठाऊक नव्हतं. पण हे माझ्याही मनात मंगळवारपासून घोळत होतं आणि आईच्या तोंडून ऐकल्यावर ते एकदम नियमासारखं वाटलं. राहता राहिला एकच उपाय. शुक्रवारच्या आत बाबांनी स्वतःचीच सही माझ्याकडून शिकायची.

आपलीच मोरी आणि आंघोळीची चोरी, असं पुटपुटत बाबा वही घेऊन बसले.

गुरूची विद्या गुरूला म्हणायला सोपं आहे. मी मशीनवर वही टेकवून कॅमेऱ्यासमोर मोठी सही काढायची, बाबांनी तिकडे गिरवायची. हात उचलू नका, मी म्हणायचे. पोट मोठं करा. रेघेच्या वर बसवा, घाई नको. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला अक्षर शिकवताना ते हेच म्हणायचे, याच शब्दांत, आणि मी जेवढी कंटाळायचे तेवढेच ते आता कंटाळत होते. पाचव्या वळणावर त्यांचा हात सवयीनं आकडा काढून मोकळा व्हायचा. सत्तावीस वर्षांची सवय दोन दिवसांत जात नाही, असं ते म्हणाले. मी म्हणाले, जायला हवी.

बुधवारी संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीत ही गोष्ट पोचायची तिथे पोचली. ड्रॉइंगसर चौकटीचा कागद घेऊन उतरले आणि बाबांच्या सहीचे भाग पाडले. काकूंनी मनगटाला बँडेज बांधायची सूचना केली, म्हणजे सही वाकडी आली तरी सहानुभूती मिळेल. गुरुवारी सकाळी मी फोन लावला तेव्हा जेवणाच्या टेबलाभोवती चौघं बसली होती आणि चौघंही माझ्या वडिलांची सही करत होती. सर्वांत चांगली ड्रॉइंगसरांची होती. काकूंचं पोट जरा खाली बसत होतं, पण ओघ होता. आईची बरी होती. बाबा चौथे होते. काकूंचं म्हणणं पडलं की कॅमेऱ्यासमोर सरच बसू देत, चष्मा तर सारखाच आहे. लाज वाटते सांगायला, पण मी या सूचनेवर पूर्ण एक मिनिट विचार केला.

बाबांनी वही मिटली आणि म्हणाले की ते स्वतःच बसतील. "काढतो मी," म्हणाले. "बाप आहे मी तिचा." त्यांचा आवाज मला नेहमीसारखा वाटला नाही, पण मशीन फिरायला लागलं होतं म्हणून असेल.

शुक्रवारी नऊला मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत आम्ही तिघी होतो. बाई, फाइलबाई आणि मी. दाराबाहेरच्या बाकावर जिराफ, रेडिओ आणि पेन्शनर पाठीवर पिशव्या लावून बसले होते, बस दुपारी एकला होती तरी. पडद्यावर बाबा दिसले. शर्ट इस्त्रीचा, केस पाणी लावून बसवलेले. कडेला ड्रॉइंगसरांचं कोपर दिसत होतं, मग कुणीतरी ते ओढून घेतलं. फाइलबाईंनी पट्टी पुसली आणि बाबांना सुरुवात करायला सांगितलं.

बाबांनी पेन टेकवलं. पहिलं वळण बरं आलं. दुसरंही. पोटापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा सारखा केला, ओठ आवळले, पुन्हा पेन उचललं आणि शेजारी नव्यानं सुरुवात केली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मी लहान असताना एकदा आई मला बँकेत घेऊन गेली होती. बाबांच्या टेबलासमोर एक म्हातारे गृहस्थ उभे होते आणि त्यांना स्वतःची सही जमत नव्हती. चौथ्यांदा करत होते. मागे रांग होती. बाबा त्यांना काही बोलत नव्हते, फक्त दर वेळी कोरा कागद पुढे सरकवत होते आणि सावकाश, सावकाश म्हणत होते. त्या म्हाताऱ्यांचा चेहरा मला तेव्हा फार वेळ आठवत राहिला होता. आता पडद्यावर माझ्या बाबांचा चेहरा तसा झाला होता, आणि तो मी केला होता.

"बाबा, पेन ठेवा," मी म्हणाले.

ते थांबले. मी बाईंकडे वळले.

"फाइलमधल्या तेवीस सह्या माझ्या आहेत. त्यांची एकच आहे, हिरव्या फॉर्मवरची. ती खरी आहे."

बाहेरच्या बाकावर रेडिओसुद्धा गप्प झाली, यावरून त्यांना आतलं सगळं ऐकू येत होतं हे कळलं. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तुम्हाला हे माहीत होतं का, असं त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी आधी हो म्हटलं. मग परक्या भाषेत शब्द जुळवत सावकाश सांगितलं, "मीच सांगितलं तिला. दिवसभर मी लोकांच्या सह्या परत करायचो. घरी एक सही अशी होती, जी कधी परत करावी लागत नव्हती. मला ते बरं वाटायचं. चूक माझी आहे."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी समजत होते की त्यांना कंटाळा येतो.

विमानाचा विषय निघतो की काय म्हणून मी श्वास धरून उभी होते. पण फाइलबाई भिंग घेऊन माझ्या तेवीस सह्यांवर वाकल्या होत्या. एकही रेघ हललेली नाही, असं त्या स्वतःशीच बोलल्या. त्यावर बाबा पडद्यातून म्हणाले की ते स्वतः टेबलावर असते तर तेही फसले असते, आणि त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो त्या प्रसंगाला मुळीच शोभत नव्हता. मग त्यांनी विचारलं की ग्राहकाची सही बदलली तर आमच्याकडे नमुना बदलाचा अर्ज असतो, तुमच्याकडे तसलं काही आहे का.

फाइलबाईंनी मान वर केली. एकोणीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्या उठल्या, सगळ्यांत खालचा खण ओढला आणि एक पिवळा फॉर्म काढला. पालकाच्या सहीच्या नमुन्यात बदल. जुनी सही, नवी सही, साक्षीदार. पुढची दहा मिनिटं त्या दोघांनी शाई आणि नमुना-कार्डांबद्दल अशा गप्पा मारल्या की मुख्याध्यापिकाबाई आणि मी खोलीत आहोत हे ती दोघं विसरून गेली. बाबांनी कॅमेऱ्यासमोर आपला झिजलेला आकडा आणि रेघ काढून दाखवली, न बघता, एका फटक्यात. फाइलबाईंनी ती हिरव्या फॉर्मवरच्या सहीशी पट्टी लावून ताडली आणि जुळली असा शिक्का मारला. जुन्या सहीच्या चौकटीत सही कुणी करायची हा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सात वळणं, पोट, दोन टिंबं आणि रेघ काढली. इतकी चांगली ती माझ्या हातून आधी कधी उतरली नव्हती, आणि ती शेवटची होती.

शिक्षा झालीच. तेवीसच्या तेवीस कागद पुन्हा घरी जायचे आणि बाबांनी स्वतः सही करून पाठवायचे. या सत्रात माझं शनिवारचं बाहेर जाणं बंद, आणि ते शनिवार फाइलबाईंच्या हाताखाली फाइली लावायच्या. तळ्याबद्दल बाईंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या की हिरव्या फॉर्मवर आता पालकाची खरी सही आहे, आणि नियमात तेवढंच लिहिलं आहे. पडद्याच्या कडेबाहेरून आईनं विचारलं की कागदांबरोबर आणखी मोजे पाठवू का.

मी हिरवा फॉर्म उचलायला गेले तर फाइलबाईंनी त्यावर बोट ठेवलं. पालकाच्या सहीखाली आणखी एक चौकट होती. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची सही. मला गेल्या महिन्यात सोळा पूर्ण झाली होती.

मी पेन टेकवलं आणि माझा हात आपोआप बाबांचं पहिलं वळण काढायला निघाला. मी तो थांबवला. मग काय काढायचं, ते मला सुचेना. परीक्षेच्या वहीवर नाव लिहिते तसं एक एक अक्षर सुटं लिहायचं, एवढंच येत होतं. सात वर्षं मी सह्या करत होते आणि मला सही नव्हती. घड्याळात साडेदहा झाले होते. बाहेरून कुणीतरी दारावर हळूच टकटक केली.

"सावकाश," बाबा पडद्यातून म्हणाले.

मी नाव लिहिलं. अक्षरं एकमेकांना जोडली, शेवटचं जरा घसरलं, खाली रेघ मारावीशी वाटली पण मारली नाही. फाइलबाईंनी पट्टी उचलली आणि परत ठेवली, कारण जुळवायला दुसरी नव्हतीच. बाबांनी मात्र इतक्या वर्षांच्या सवयीनं मला कोऱ्या कागदावर तीच परत करून दाखवायला सांगितली. मी केली. पहिली डावीकडे कलली होती, दुसरी उजवीकडे. दोन्ही शेजारी ठेवून मी कॅमेऱ्यासमोर धरल्या.

"जुळत नाही हो," मी म्हणाले.

बाबांनी चष्मा वर करून पडद्याजवळ तोंड आणलं आणि दोन्ही नीट पाहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न जुळणारी सही परत केली नाही.

"जुळेल," ते म्हणाले. "रोज करत जा."